ताईपेक्षा कमी भरलेला पाय

बाजारामागच्या गल्लीत काटेवाल्याचं दुकान होतं. किराणावाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचे वजनकाटे त्याच्याकडे दुरुस्तीला यायचे. बावन्न वर्षांचा माणूस, पण दोन ग्रॅमचा फरक खपवून घ्यायचा नाही. बायको म्हणायची, "यांना स्वर्गात नेलं तरी आधी तिथला काटा तपासतील."

त्याच्या थोरल्या बहिणीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची एक बाजू लुळी पडली. आठवड्यातून दोनदा तो तिला फिजिओथेरपीला न्यायचा. तिथली तरुण मॅडम ताईच्या पावलावर हात दाबून "वर उचला" म्हणायची आणि कागदावर लिहायची, पाचपैकी तीन. तीन महिने झाले तरी तीनच.

"मॅडम, हा अंदाज झाला," त्याला एकदा राहवलं नाही. "हाताने दाबून कुणी माल तोलतं का?"

"ताकद मोजायचं यंत्र असतं, काका. पण त्याची किंमत ऐकून आमच्या साहेबांनी विषयच बदलला."

झालं, डोक्यात किडा वळवळला. प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा काटा त्याने फळीवर पक्का बसवला आणि त्याच्या हुकात दप्तराचा जाड पट्टा अडकवला. टाच फळीवर टेकवायची, पट्टा चवड्यावरून घ्यायचा, चवडा वर ओढायचा. सगळा खर्च चपलांच्या एका जोडाएवढा. ताईचा लुळा पाय पहिल्यांदा सहा किलो भरला, महिन्याभरात आठ. ताई त्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

मॅडम म्हणाली, "तुलनेला धडधाकट माणसाचे आकडे हवेत."

"मग माझेच घ्या की," म्हणत तो खुर्चीत बसला. डावा पाय एकोणीस. उजवा सात.

तो हसला. "पट्टा सरकला." पट्टा घट्ट केला. सात. मग त्याने पिशवीतून पाच आणि दहा किलोची मापं काढून, फळी उलटी धरून, काट्याला टांगली. काटा चोख होता. पुन्हा पाय घातला, दात आवळून ओढला. सहा पॉइंट नऊ.

झटका आलेल्या बहिणीचा पाय त्याच्यापेक्षा जास्त भरत होता, आणि त्याला स्वतःला कुठे दुखत नव्हतं की खुपत नव्हतं.

"काका, चालताना चप्पल पायातून निसटते का?"

वर्षभरात त्याने तीन जोड बदलले होते. दर वेळी चप्पलवाल्याला शिव्या घातल्या होत्या. उंबऱ्याला ठेचकाळला की सुताराला.

"तू पाय घासत चालतोस, हे मला ऐकू यायचं," ताई अडखळत म्हणाली. "मला वाटलं, माझ्यामुळे दमतोस."

तपासण्या झाल्या. मणक्यात, मज्जारज्जूला लागून सुपारीएवढी गाठ निघाली. डॉक्टर फोटोवर पेन टेकवून म्हणाले, "आणखी चार-सहा महिने गेले असते तर दोन्ही पाय गेले असते. लघवीवरचा ताबाही." घरी येऊन त्याने चहा घेतला नाही. नुसता पाय पुढे करून, जणू दुसऱ्याचाच असल्यासारखा, त्याकडे बघत बसला. आयुष्यभर लोकांचे खोटे काटे पकडले, आणि घरचा हा चोर वर्षभर त्याच्याच चपलेत राहत होता.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही. वर्षभराने चौदा किलोवर आला आणि तिथेच थांबला. आता फिजिओथेरपीला दोघं भावंडं बरोबर जातात. ताई त्याचा पट्टा बांधते, तो तिचा.

मॅडमच्या सांगण्यावरून त्याने आणखी नऊ फळ्या बनवल्या, दुसऱ्या दवाखान्यांसाठी. पण अजूनही आपला पाय पट्ट्यात घातला की आकडा स्थिरावेपर्यंत तो डोळे मिटून घेतो, आणि ताईलाच वाचायला सांगतो.