केरबा गुळव्याचं तिसरं आदण

फुलेवाडीत बसथांब्यामागच्या बोळात केरबाचं घर विचारलं तर माणसं आधी हसतात, मग दाखवतात. "गेमवाले आबा व्हय? ते काय, निळ्या टाकीचं घर." अडुसष्ट वर्षांचा माणूस, डोक्याला टोपी, पायात कर्रकर्र वाजणाऱ्या वहाणा, उभ्या जन्मात पत्त्यांचा डावसुद्धा धड न खेळलेला, आणि त्याला निम्मं कोल्हापूर ओळखतं ते मोबाईलवरच्या खेळांना नावं ठेवणारा म्हणून. देवाच्या मनात कधी काय येईल सांगता येत नाही.

खरा केरबा गुळव्या. कागलच्या अलीकडच्या एका गावात, एकाच गुऱ्हाळावर त्यानं चाळीस हंगाम काढले. गुऱ्हाळावर पंधरा-वीस माणसं राबतात. कुणी ऊस घाण्याला लावतं, कुणी चुलवाणात चिपाडं सारतं. पण उकळत्या काहिलीपुढं, म्हणजे रसाच्या भल्यामोठ्या कढईपुढं, उभं राहून "उतरवा" म्हणायचं ते गुळव्यानंच. जरा आधी म्हटलं तर गूळ कच्चा, हाताला चिकटणारा. जरा उशीर झाला तर करपला. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, आणि शिकवत असते तरी केरबा तिसरीच्या पुढं गेलाच नव्हता. पाकाचा थेंब तो थंड पाण्यात टाकायचा, दोन बोटांत त्याची गोळी वळायचा, आणि ती तांब्याच्या काठावर आपटून कान द्यायचा. त्याच्या कानाला पटलं की काहील खाली.

ते गुऱ्हाळ सहा वर्षांमागं बंद पडलं आणि केरबा धोंडुबाईला घेऊन शहरात लेकाकडं आला. हात रिकामे आणि तोंड भरलेलं, असा म्हातारा दिवसभर घरात म्हणजे सुनेच्या डोक्याला ताप. तो ताप नातीनं उतरवला. वर्षाराणी बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते, निदान सांगते तरी तसं. पुस्तकाच्या आड मोबाईल असायचा. एक दिवस आबा मागं उभे राहून बघत होते. खेळ रंगीत, घाईचा, दर मिनिटाला बक्षीस उधळणारा.

"कच्चा उतरवलाय," आबा म्हणाले.

"काय कच्चा?"

"ह्यो खेळ. करणाऱ्यानं घाई केलीया. वरनं रंग हाय, आत रवा बसलाच न्हाय."

पोरगी हसली, आणि दुसऱ्या दिवशी मोबाईल आबांच्या तोंडापुढं धरून म्हणाली, "परत म्हणा की." तो तुकडा तिनं नेटवर टाकला आणि तिथनं 'केरबा आबांचा शेरा' सुरू झाला. ऐकणारी माणसं वाढत वाढत वीस हजारांवर गेली. वीस हजार म्हणजे किती हे केरबाला कळेना, तेव्हा वर्षाराणीनं सांगितलं, खासबागेचं कुस्त्यांचं मैदान भरंल की आबा. तेव्हापासून तो बोलण्याआधी टोपी सारखी करतो.

त्याचा एक नियम होता. एका वेळी काहिलीत घातलेला रस म्हणजे एक आदण. केरबा म्हणायचा, पहिलं आदण काहिलीचं, दुसरं गुळव्याचं, तिसरं उसाचं. तीन आदणं झाल्याबिगर उसाला नाव ठेवू नये. म्हणून नातीनं प्रत्येक खेळ त्याच्यासमोर तीनदा खेळायचा, आणि मगच तो तोंड उघडणार.

विमानातनं शंभर माणसं बेटावर उड्या मारतात आणि एकमेकांना गोळ्या घालून शेवटी एक उरतो, असा एक खेळ आहे. पोरं त्याच्यापायी जेवण विसरतात. केरबानं तो तीन दिवस बघितला. "मारामारी बरी हाय," तो म्हणाला, "पण मला बेटावरच्या त्या घरांचं कोडं पडलंय. दारं सताड उघडी, भांडी जाग्यावर, आणि माणूस न्हाय. पुराच्या साली शिरोळकडं अशी गावं बघितल्यात मी. ह्या घरांतली माणसं गेली कुठं, त्ये एकानं बी का इचारू नये?" त्या शेऱ्याखाली म्हणे शेकड्यांनी लोकांनी लिहिलं. बरेच जण शिरोळचेच होते.

शेतीच्या खेळाला त्यानं अजिबात सोडलं नाही. "गाजर धा मिन्टांत? आणि गोठ्यात शेणाचा पो न्हाय? ज्या गोठ्यात शेण न्हाय त्याला गोठा म्हणू नये, फोटो म्हणावं. रातीची लाईट बी न्हाय, पाणी पाजायला उठणं न्हाय. बसल्या बसल्या शेतकरी हुयाचं आसंल तर बरा हाय."

आणि गोळ्या-चॉकलेटं जुळवून फोडायचा तो खेळ, जो घरोघरी बायका कुकरची शिट्टी होईपर्यंत खेळतात, त्याला त्यानं सगळ्यात वाईट शेरा दिला. "पावडरचा. तुमाला वाटतं तुमी जिंकला. पर कवा जितायचं आणि कवा हरायचं, त्ये त्योच ठरवतोय. पावडर टाकून पिवळा केलेला गूळ हाय ह्यो." पंचाईत अशी की धोंडुबाई त्याच खेळाच्या चौदाशेव्या पायरीवर होती. दोन दिवस केरबाला चहा सुनेच्या हातचा प्यावा लागला.

पण त्याला सगळंच वाईट दिसायचं असं नाही. बर्फातल्या एका गावात टपाल वाटायचा बारकासा खेळ होता. एक म्हातारी पत्र घेतच नाही, रोज दार लावून घेते, आणि खेळणाऱ्यानं तरीही रोज जायचं. तिसऱ्या आदणानंतर केरबा एवढंच म्हणाला, "मंद आचंवर केलाय. उतरला." ह्याच्या वर त्याच्याकडं शाबासकी नव्हती.

आणि 'पावडरचा' ह्याच्या खाली शिवी नव्हती. तो शब्द उच्चारताना त्याचा आवाज जरुरीपेक्षा जास्त चढायचा. धोंडुबाई तेव्हा दुसरीकडं बघायची. बाकी कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

गणपतीच्या आधी थोरला नातू राजवर्धन पुण्याहून आला. नोकरी सोडून त्यानं दोन वर्षं खोलीत बसून एक खेळ बनवला होता, आणि येत्या रविवारी तो सगळ्यांसाठी खुला करणार होता. खेळाचं नाव 'गुऱ्हाळ'.

"आबा, पयला शेरा तुमचाच पायजे," पाया पडत तो म्हणाला. "गुळाचा गेम, आणि गुळव्याचा शेरा. तुमी 'उतरला' म्हटलासा की माझं गाडं सुटलं. न्हायतर परत कुणाच्या तरी हाताखाली खुर्ची उबवायची."

"तीन आदणं," केरबा म्हणाला, पण मिशीत हसत होता.

वर्षाराणीनं मोबाईल टीव्हीला जोडला. आणि बघतो तर काय, काहील हुबेहूब. रसावर येणारी मळी, ती काढताना लागणारी भेंडीच्या पाण्याची धार, चुलवाणाची धग वाढली की बदलणारा बुडबुड्यांचा आवाज. काठावर आपटलेल्या गोळीचा टणत्कारसुद्धा पोरानं धरला होता. केरबानं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मग शेवटचा भाग आला. खेळातल्या गुळव्यानं खिडकीतला पत्र्याचा डबा उघडला, चमचाभर पांढरी पूड काहिलीत टाकली, आणि तांबूस पाक हळदीसारखा पिवळा धम्मक झाला. पाच चांदण्या. टाळ्या. खाली अक्षरं: 'गुळव्याची गुप्त विद्या'.

दुसरं आदण, तिसरं आदण. दर वेळी डबा, दर वेळी चांदण्या.

"ह्ये कुठनं आणलंस?" केरबानं विचारलं.

"तुमच्याकडनंच की!" राजवर्धनचा चेहरा फुलला. "सुट्टीला यायचो न्हवं मी? चिपाडांच्या ढिगावर बसून बघायचो. शेवटी तुमी त्यो डबा काढायचा, कुणाला हात लावू द्यायचा न्हाय. मला वाटायचं, आबांची सगळी जादू त्याच डब्यात हाय."

केरबा उठला. डोकं दुखतंय म्हणून आत जाऊन पडला.

डब्यात जादू नव्हती. गूळ पिवळा दिसावा म्हणून टाकायचं औषध होतं ते, पोटात जाऊ नये असं. पोराची चूक म्हणावी तर कशी? देवळात बसलेलं मूल पुजाऱ्याच्या हाताकडं बघतं, तसं ते बघत होतं. पुजाऱ्यानं काय केलं ते पुजाऱ्यालाच ठाऊक.

आता दोनच वाटा होत्या. 'उतरला' म्हणायचं आणि नातवाचं गाडं सोडायचं. कोण विचारायला येतंय? किंवा 'पावडरचा' म्हणायचं, आणि मग कुणाची पावडर तेही सांगायचं.

शुक्रवारी वर्षाराणी हळूच म्हणाली, "आबा, नुसतं चांगलं हाय म्हणा. डब्याचं कशाला काढायचं? मी तेवढा भाग दावतच न्हाय."

केरबाला ते पटल्यासारखं झालं. दुपारी धोंडुबाई शेंगा फोडत बसली होती, तिच्याजवळ तो जाऊन टेकला.

"पोराच्या पायावर धोंडा कशाला पाडायचा, काय?"

"मी काय सांगू बाई," धोंडुबाई म्हणाली. "मला गेममधलं काय कळतंय? चौदाशे पायऱ्या पावडर खाल्ली मी." मग थोड्या वेळानं, शेंगेवरची नजर न काढता, "तुमी आपल्या घरात कंचा गूळ आणत हुता?"

केरबानं एक शेंग उचलली आणि न फोडताच परत ठेवली.

"तांबडा," तीच म्हणाली. "हंगामात पयल्या दिवशीचा, डबा न उघडलेला. मार्केट यार्डात पिवळा, घरात तांबडा. मी कवा इचारलं न्हाय. इचारायला पायजे हुतं."

शनिवारी सकाळी केरबानं आंघोळ करून टोपी घातली आणि नातीला म्हणाला, "लाव." राजवर्धन स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा होता.

"राम राम मंडळी. ह्यो गेम माझ्या नातवानं केलाय. ह्यातली आग खरी, मळी खरी, आवाज तर इतका खरा की माझं हात भाजल्यागत झालं. पर गूळ पावडरचा हाय. आणि आता नीट ऐका. ती पावडर पोरानं टाकल्याली न्हाय. मी टाकलीया. यार्डात पिवळ्याला भाव मिळायचा, तांबड्याकडं कोण बघंना. मालक म्हणाला टाक, मी टाकली. एक न्हाय, वीस हंगाम. पोरगं समोर बसून बघत हुतं, त्याला वाटलं हीच आबाची इद्या. तवा शेरा गेमला न्हाय. गुळव्याला हाय. पावडरचा."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. वर्षाराणी मोबाईल बंद करायचं विसरली.

"दोन वर्षं, आबा," राजवर्धन म्हणाला. "मला एकट्याला सांगायचं हुतंसा की. दोघांतच."

"दोघांत सांगितलं असतं तर दोघांतच ऱ्हायलं असतं रं."

पोरगा वहाणा घालून बाहेर गेला. वर्षाराणीनं मोबाईल पालथा घालून ठेवला; दादा म्हणल्याशिवाय मी टाकत न्हाय, असं तिनं सगळ्यांना बजावलं. राजवर्धन रंकाळ्याला फेरी मारून दोन तासांनी आला. कुणाशी न बोलता बहिणीला म्हणाला, "टाक." मग स्वतःच्या मोबाईलवर काहीतरी केलं. रविवारी खेळ येणार होता, तो आला नाही. शनिवारीच संध्याकाळच्या एसटीनं पोरगा पुण्याला गेला, गणपतीलाही थांबला नाही.

शेऱ्याखाली लोकांनी खूप लिहिलं. कुणी म्हाताऱ्याच्या पाया पडलं, कुणी म्हणालं आमच्या पोटात घातलं ते आता कसं काढणार. वर्षाराणी फक्त चांगलं वाचून दाखवायची. केरबा म्हणाला, "दुसरं बी वाच." तिनं वाचलं. तो मान हलवत ऐकत राहिला.

त्यानंतर चार महिने शेरे बंद. ज्याचं स्वतःचं आदण करपलंय त्यानं दुसऱ्याच्या काहिलीत डोकावू नये, म्हणायचा. राजवर्धनचा फोन आज्जीला यायचा. आबा शेजारी बसून पेपर वाचायचे, म्हणजे पेपर धरायचे. पान उलटत नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दुपारी वर्षाराणी पळत आली. "आबा, दादानं धाडलाय. म्हणालाय, आबांनी स्वतः खेळायचा. मी न्हाय."

केरबानं मोबाईल मांडीवर घेतला आणि मुंगी चिरडल्यासारखं एका बोटानं दाबायला लागला. रस उकळला. मळी निघाली. गोळी वाजली. खिडकीतला डबा तिथंच होता. खेळ काही सांगत नव्हता, टाक म्हणत नव्हता, टाकू नको म्हणत नव्हता. केरबाचं बोट डब्याकडं गेलं, काचेवर जरा अधांतरी राहिलं, आणि मागं आलं. गूळ तांबडा झाला. चांदण्या नाहीत, टाळ्या नाहीत. यार्डात व्यापारी आले, पुढच्या पिवळ्या ढिगावर बोली लावली आणि ह्याच्या गुळाला वळसा घालून गेले. संध्याकाळी गाडी तशीच भरलेली घरी. दारात एक बाई उभी होती, नऊवारीतली. तिनं गूळ फोडला, खडा तोंडात टाकला, आणि खेळ संपला.

"हरलासा की आबा," वर्षाराणी म्हणाली.

"व्हय. आमी बी हरलो असतो. म्हणून तर टाकत हुतो." केरबानं मोबाईल तिच्यापुढं धरला. "परत लाव."

दुसऱ्यांदाही गूळ विकला गेला नाही. मात्र ह्या खेपेला एक गिऱ्हाईक थांबलं, वास घेतला, आणि गेलं. केरबा जरा पुढं सरकून बसला.

तेवढ्यात फोन वाजला. राजवर्धन होता, आणि ह्या वेळी त्यानं आज्जीला मागितलं नव्हतं. "आबा? बघितलासा? काय शेरा?"

केरबानं घसा खाकरला. त्याला बोलायचं पुष्कळ होतं. पण नियम तो नियम.

"दोनच आदणं झाल्यात अजून," तो म्हणाला. "तू उद्या तिळगूळ घ्यायला ये. तिसरं तुझ्यासमोर लावतो."

पलीकडून पोरगा हसला की काय, ते ऐकू आलं नाही, कारण धोंडुबाईनं आतनं ओरडून विचारलं, "येतोय म्हणतोय व्हय? मग सांगा त्याला, यार्डात बघून गूळ आणायचा. तांबडा!"