त्यांच्या घरची कहाणी

जठारपेठेत आमच्या शेजारी राहतात ते सर कॉलेजात साहित्य शिकवत. जुन्या देवादिकांच्या कथा आजच्या कादंबऱ्यांत, चित्रांत कशा बदलून येतात, हे शोधण्यातच त्यांचा जन्म गेला. माझ्या घरचं कॅलेंडर पाहिलं तरी चष्मा कपाळावर सारून विचारणार, "काकू, या देवीले असं रूप पहिल्यांदा कोणी दिलं असेल?" मला काय ठाऊक बापा!

सरांच्या घरच्या बाई वारल्या, त्याला वर्ष सरलं. यंदा सुनेनं महालक्ष्म्या मांडल्या अन् दरसाली बाई सांगत ती कहाणी सांगायला सर स्वतः बसले. सुरुवात छान केली. राजा आला, राणी आली, अन् मधातच थांबले.

"काकू, या कहाणीची कितीक रूपं मले ठाऊक आहेत. पण ही कोणतं सांगे? मी तर दरवर्षी आत लिहीत बसायचो."

मी म्हटलं, "सर, बाई दरसाली बदलवत. शेवटच्या खेपेला त्यांचा राजा पोथीत डोकं घालून बसला होता, अन् राणी ताट वाढून वाट पाहून राहिली होती."

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "राजा उठला का?"

मला खोटं बोलवलं नाही. "नाही उठला," म्हटलं. "राणीनं ताट झाकून ठेवलं."