हुंकाराला कोण बसलंय?

खजुरीच्या फाट्यावर कलबुर्गीची बस नीटशी थांबत नाही. ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवतो, कंडक्टर दारातून घाई करतो आणि ज्याला निरोप घ्यायचा असेल त्याने तो आधीच घेऊन ठेवावा लागतो. मी तो बस यायच्या कितीतरी आधीपासून घेत होते. पोचले की फोन करते. शाळेजवळच खोली बघितलीय. सोबत लातूरकडची एक मुलगी आहे. जेवणाची काळजी करू नका. दिवाळीला येते, जमलं तर त्याआधीच येते. मी एकटीच बोलत होते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला माय म्हणत होती, "हूं."

अप्पांनी बॅग वर चढवली आणि महिनाभर विचारत असलेला प्रश्न शेवटचा एकदा विचारून घेतला. "आळंदला शाळा न्हाईत का? बेंगळूरच्या पोरान्ला इंग्लिश शिकवायला तूच कामून पायजे?" मी खिडकीत बसले आणि हात बाहेर काढून म्हटलं, "माय, कायतरी बोल की." ती बघत राहिली. बस हलली तेव्हा पुन्हा तेवढंच म्हणाली, "हूं." मला तिचा असा राग आला की तो कलबुर्गीपर्यंत पुरला आणि तिथून रेल्वेतही थोडा सोबत आला.

तुम्ही जे तिकडे आळंद भागातच, खजुरीत, निंबर्ग्यात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे उठून कुठे कुठे जाऊन बसलात, तुम्हाला दोघांनाही हे सांगायचं होतं. राहिलेल्यांना वाटतं, गेलेली पोरगी मजेत आहे. गेलेल्यांना एकमेकांचं खरं माहीत असतं, पण ते व्हॉट्सॅपवर फक्त फुलांचे फोटो टाकतात.

बेंगळूरला येऊन मी दोन पीजी बदलले. एकीकडे खिडकी नव्हती, दुसरीकडे होती पण समोर भिंत होती. आताच्या खोलीत खिडकीही आहे आणि झाडही आहे, तरी बॅग मी अजून पूर्ण रिकामी केलेली नाही. सुट्टीत घरी गेले की दोन दिवस बरं वाटतं, मग पाय वळवळायला लागतात. इथे आले की रविवारी दुपारी उगीच केएसआरटीसीच्या बसच्या वेळा बघत बसते. कुठेच बूड टेकत नाही, हा माझा मूळ आजार आहे आणि त्यावर इथल्या फिल्टर कॉफीचाही उपयोग होत नाही.

शाळा मोठी. गळ्यात पट्टा, पट्ट्यात कार्ड, कार्ड दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. मी नववी-दहावीला इंग्रजी साहित्य शिकवते. मुलं माझ्याहून फाडफाड इंग्रजी बोलतात. माझं इंग्रजी कलबुर्गीच्या कॉलेजात जमवलेलं, त्याला मराठीचा हेल आहे, कन्नडचा ठेका आहे आणि घाईत असले की मध्येच दखनी डोकावते. स्टाफरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की इथे प्रत्येक तास क्रिएटिव्ह असतो. मी ते दोनदा वाचलं.

आता हुंकाराचं सांगते, कारण माझी पहिली फजिती त्याच्यामुळे झाली.

खजुरीत पेरणीच्या आधी बियाण्याच्या शेंगा हातानेच फोडतात, मशीनमध्ये दाण्याला चीर जाते. बसम्माअक्का आमच्या शेजारच्या, घरचं भुईमुगाचं रान, बोलणं कन्नड. विहाराच्या ओट्यावर सावली चांगली, म्हणून त्यांच्या शेंगांची पोती तिथेच यायची. माय, बसम्माअक्का, गल्लीतल्या चार बायका आणि आम्ही पोरी. फोडताना एकीने गोष्ट सांगायची आणि एकीने हुंकार द्यायचा. वाक्य झालं की हूं. सुरू करायच्या आधी सांगणारी विचारायची, "हुंकाराला कोण बसलंय?" कोणी बसल्याशिवाय गोष्ट सुरू होत नसे. आणि मध्ये हुंकार आला नाही तर गोष्ट तिथेच थांबायची. म्हणजे ऐकणारीचं लक्ष उडालंय किंवा तिला काही पटलेलं नाही. मग सांगणारीने मागे जायचं आणि तेच वेगळ्या बोलीत, सोपं करून सांगायचं. गोष्ट मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये शिरायची, पण हूं तेच राहायचं. बसम्माअक्का हूं म्हणून झाल्यावर "मुंद?" विचारायच्या, म्हणजे पुढं काय. त्यांचं आणखी एक म्हणणं होतं की हुंकार देणारीच्या तोंडात दाणे जात नाहीत, म्हणून त्या मला सारखं हुंकाराला बसवायच्या. मायलाही तेच वाटत असावं.

तर शाळेतला माझा पहिला महत्त्वाचा तास. मी प्रोबेशनवर होते. मागच्या बाकावर को-ऑर्डिनेटर मॅडम लॅपटॉप उघडून बसल्या. मी एक उतारा वाचायला घेतला. पहिलं वाक्य झालं आणि मी थांबले. ठरवून नाही. पाठीच्या कण्यातच ते बसलेलं आहे, मोठ्याने काही वाचलं की दुसऱ्या बाजूने काहीतरी यायला पाहिजे. काहीच आलं नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता आणि मी त्यांच्याकडे. पंखा फिरत होता. पुढच्या वाक्यालाही तेच झालं. घरी पुस्तक वाचताना जे कधी कळलं नव्हतं ते तिथे सगळ्यांसमोर कळलं, की मला शांततेत पुढे जाताच येत नाही. मॅडमनी नंतर बोलावून म्हटलं, "तुम्ही पाठ विसरत होता का? तयारी कमी पडते आहे." प्रोबेशन सत्र संपेपर्यंत वाढवलं. पुन्हा एक तास बघणार, आणि तो जमला नाही तर नोकरी संपली.

नोकरी संपली असती तर काय, हे अप्पांच्या प्रश्नात होतंच. खजुरीला परत, आणि बसमधून उतरताना सगळ्यांना दिसणार की पोरगीला बेंगळूरने परत पाठवलं. मला परत जायचंही होतं आणि तसं जायचं अजिबात नव्हतं. पुढचे कितीतरी आठवडे मी फक्त ह्याचाच विचार केला.

मग मी क्रिएटिव्ह झाले. स्लाइड केल्या. कवितेतल्या ओळी कापून पाकिटात घातल्या आणि मुलांना जुळवायला लावल्या. एका पात्राला खुर्चीवर बसवून त्याची मुलाखत घेतली. पुठ्ठ्याचे मुकुटसुद्धा केले, खोटं कशाला सांगू. मुलांना मजा आली, गोंगाट झाला, आणि तास संपल्यावर विचारलं की गोष्टीतल्या म्हातारीने दार का उघडलं नाही, तर कोणालाच सांगता येईना. मुकुट कोणाचा जास्त चांगला झाला ते मात्र सगळ्यांना माहीत होतं. ह्या युक्त्यांत वाईट काही नाही, इथले दुसरे शिक्षक त्या छान वापरतात. माझ्या हातात त्या दुसऱ्याचे कपडे घातल्यासारख्या दिसत होत्या.

त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी मायला फोन करायचे आणि दुसऱ्या दिवशीचा पाठ तिला आपल्या बोलीत सांगायचे. तयारीही व्हायची आणि बोलायला विषयही मिळायचा. ती हुंकार द्यायची. कधी भाकरी थापताना, कधी शेळीवर ओरडत. एकदा मी मध्येच गप्प झाले.

"कामून गप बसलीस?" ती म्हणाली.

"इथं कोणी हुंकार देत न्हाई माय. भिंतीला सांगितल्यासारखं वाटतंय."

"मग बसव की एखाद्याला. त्यान्ला कुठं ठावं हाय? तू सांगितलंस का?"

मी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुकुट कपाटात टाकले आणि नववीच्या वर्गाला खजुरीचा ओटा समजावून सांगितला. नियम तोच. रोज एकजण हुंकाराला बसेल. वाक्य कळलं, पटलं तर हूं. नाहीतर गप्प राहायचं, आणि वाचणाऱ्याने मागे येऊन ते आपल्या शब्दांत सांगायचं. कोणत्याही भाषेत. पहिले काही दिवस त्यांनी माझी यथेच्छ टर उडवली. म्हशीसारखं हूं, भुतासारखं हूं. शेजारच्या वर्गातून तक्रार आली. मी सहन केलं, ओट्यावर आम्हीही तेच केलं होतं.

मग हळूहळू खरं ऐकू यायला लागलं. निहारिका नावाची एक मुलगी आहे, हुशार आणि भांडखोर. ती हुंकाराला बसली की वाचणाऱ्याला घाम फुटायचा. तिला पटलं नाही तर ती हाताची घडी घालून बसायची आणि वर्ग पुढे सरकायचा नाही. एका मुलाने तिच्यासाठी आख्खं कडवं तेलुगूत सांगितलं, दुसऱ्याने हिंदीत, आणि तिचं हूं आल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला प्रश्न विचारावेच लागेनात. कुठे हूं अडलं हे कळलं की कुठे शिकवायचं ते कळत होतं.

आणि तो दिवस आला. मॅडम मागे, लॅपटॉप उघडा. पाठ्यपुस्तकातली गोष्ट एका बेटावरच्या मुलीची. ती शहरात कामाला निघालीय. होडीत बसून आईशी भरभरून बोलतेय, आणि आई किनाऱ्यावर होडीचा दोर धरून उभी आहे. शेवटी आई काहीच न बोलता दोर सोडून देते. पुस्तकात खाली प्रश्न होता, दोर कशाचं प्रतीक आहे. निहारिका हुंकाराला. सगळं छान चाललं होतं. मी वाचलं की आई काहीच बोलली नाही, आणि निहारिकाने हाताची घडी घातली.

"नो हूं, मिस," ती म्हणाली. "मुलगी कायमची जातेय आणि आई काहीच बोलत नाही? माझी आई स्कूलबस येईपर्यंत गप्प बसत नाही."

नियम मीच केलेला. माघारी येऊन आपल्या शब्दांत सांगायला पाहिजे होतं. मी प्रतीकाबद्दल काही तयार करून आणलं होतं, ते तोंडाशी आलंच नाही. मी फाट्याचं सांगायला लागले. चालू इंजिन, अप्पांनी चढवलेली बॅग, माझी न संपणारी बडबड. माय उभी होती, मी म्हटलं, आणि मी तिला म्हणाले की काहीतरी बोल. तिथे माझा आवाज गेला. खरोखर गेला. पुन्हा तोच वर्ग, तोच पंखा, त्याच मागे बसलेल्या मॅडम, आणि मी पुन्हा मध्येच थांबलेली. मला वाटलं, संपलं सगळं.

निहारिकाने घडी सोडली. "हूं," ती म्हणाली. हळू. मग खिडकीकडच्या रांगेतून एक हूं आलं, मागून आणखी काही. कोणी टर उडवत नव्हतं. सगळा वर्ग मला पुढे ढकलत होता आणि मी सांगत गेले, बस हलली तिथपर्यंत. मग पुस्तक उचललं आणि आईने दोर सोडला ते वाक्य वाचलं. त्या वाक्याला सगळ्या वर्गाने हुंकार दिला. दोराबद्दल नंतर कोणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

मॅडमनी चार दिवसांनी बोलावलं. नोकरी कायम. "पद्धत जरा वेगळी आहे," त्या म्हणाल्या, "पण मुलं ऐकतात. पुढच्या वेळी एखादी स्लाइड असू द्या." मी व्हय म्हणणार होते, येस म्हणाले.

संध्याकाळी फोन केला. अप्पांना आनंद झाला, तो त्यांनी आळंदच्या शाळांना नावं ठेवून दाखवला. मग फोन मायकडे गेला. तिला मी सगळं सांगितलं, निहारिकाचं, माझ्या आवाजाचं, आणि मनात अडकून बसलेलं शेवटी विचारलं, "फाट्यावर तू काही बोलली कामून न्हाईस माय? मला लई लागलं होतं."

"बोलले की," ती म्हणाली. "तुझ्या एका एका बोलाला हुंकार दिला. न्हाई दिला असता तर तितंच थांबली असतीस तू."

मी फोन कानाला लावून खिडकीत जाऊन उभी राहिले. रडले, हे सांगायला लाज कशाला. तिच्या मनातही मला थांबवायचंच असणार. गप्प राहणं तिच्यासाठी सोपं होतं. तिने गप्प राहायचं सोडून तेवढं एक हूं काढलं, आणि ते काढायला तिला किती लागलं असेल ते मला इतक्या उशिरा कळलं.

बॅग अजूनही पूर्ण रिकामी नाही. रविवारी बसच्या वेळा मी अजूनही बघते आणि दिवाळीत तिसऱ्या दिवशी माझे पाय अजूनही वळवळतील. घर म्हणजे खजुरी की ही झाडाची खिडकी, ह्यावर मी स्वतःशी भांडणं सोडलंय. जिथे मी बोलताना समोरून हुंकार येतो ती जागा माझ्या घराची, एवढं मला पुरतं. आणि असं घर दोन्ही टोकांनी सांभाळावं लागतं, हेही आता कळलंय.

म्हणून हल्ली फोनवर मी कमी बोलते. बसम्माअक्कांच्या रानात ह्या वर्षी भुईमूग नाही, तूर आहे. ओट्याला फरशी बसवायलेत. शेळीला दोन पिल्लं झाली, एकाला ती पिऊच देत नाही. माय सांगत असते आणि मी कपड्यांना इस्त्री करता करता ऐकत असते. काल तीच मध्ये थांबली.

"ऐकायलीस का गं?"

"हूं," मी म्हटलं. "मुंद?"