लाव्हा, जहाज आणि सीना आजी

प्रमोदिनी आवटी मूळची कऱ्हाडची. मिरजेला नर्सिंग शिकली, पुण्यात अकरा वर्षं नोकरी केली आणि १९९९ साली नवऱ्याच्या, शिरीषच्या, कामामुळे न्यूझीलंडला आली. तिथली परीक्षा पुन्हा देऊन पोरिरुआ या शहरातल्या एका दवाखान्यात लागली. दवाखान्यात येणारे निम्मे लोक सामोआ बेटांवरचे. ते वयस्कर बाईला ‘मामा’ म्हणतात, याची तिला पहिले काही महिने फार गंमत वाटायची.

२००२च्या एप्रिलमध्ये फ्लूची इंजेक्शनं सुरू झाली. पासष्टच्या पुढच्यांना ती फुकट असायची. सीना आजी नव्वदीच्या. त्यांना मधुमेह होता, रोज इन्सुलिनची सुई त्या स्वतःच्या हातानं टोचून घेत. पण फ्लूचं इंजेक्शन म्हटलं की मान हलवत. सलग तिसरं वर्ष. त्यांच्या फाईलवर कोणीतरी ‘सुईची भीती’ असं लिहून ठेवलं होतं. प्रमोदिनीला ते पटेना. तिनं सरळ विचारलं.

“सुईला कोण घाबरतं?” आजी म्हणाल्या. “हा आजार तुम्हीच आमच्याकडे पाठवलात. ऑकलंडहून, जहाजानं. आता त्याचं औषधही तुम्हीच देणार?”

त्यांच्या ‘तुम्ही’मध्ये आपणही आहोत हे लक्षात यायला प्रमोदिनीला एक क्षण लागला. अंगावर या देशाच्या दवाखान्याचा गणवेश होता, तेव्हा तक्रार करायलाही जागा नव्हती. पण कुठलं जहाज, हे तिला माहीत नव्हतं आणि ते तिला स्वस्थ बसू देईना. शनिवारी तिनं लायब्ररी गाठली. मुलगी ऋग्वेदा बरोबर होती. “मम, आर वी डूइंग होमवर्क?” तिनं विचारलं. प्रमोदिनी म्हणाली, हो, माझा.

नकाशावर सामोआची दोन मोठी बेटं होती, उपोलू आणि सवाई. दोन्ही ज्वालामुखीतून वर आलेली. १९०० साली जर्मनांनी ती घेतली, १९१४ साली महायुद्ध सुरू होताच न्यूझीलंडच्या फौजेनं उतरून जर्मन झेंडा खाली केला. आणि एका पानावर सवाईचा फोटो होता : मैलच्या मैल काळा, सुरकुतलेला दगड. १९०५ साली तिथला एक डोंगर फुटला आणि सहा वर्षं वाहत राहिला.

त्या फोटोपाशी ती बराच वेळ थांबली. तिचे वडील काशिनाथ कऱ्हाडला भूगोल शिकवायचे. कृष्णेच्या घाटावर उभं करून त्यांनी तिला सांगितलं होतं, हा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिनं त्यांना फोन लावला. आजींनी इंजेक्शन नाकारल्याचं त्यांनी नीट ऐकलंच नाही.

“अगं, १९०५ म्हणजे कालचा,” आप्पा म्हणाले. “तो गार व्हायला किती वर्षं लागली? विचार त्यांना. असं सांगणारं माणूस आपल्याकडे मिळायचं नाही.”

पुढच्या मंगळवारी सीना आजींच्या पायाची जखम बांधायला ती त्यांच्या घरी गेली, तेव्हा तिनं वडिलांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. आजी हसल्या. असं काही त्यांना इथे कोणी विचारलं नव्हतं. मग त्या सांगत गेल्या. त्यांच्या आईचं गाव सवाईवर, त्याच लाव्ह्याखाली गेलेलं. लाव्हा धावत आला नाही, माणसाच्या चालीहून हळू आला. लोकांना चटया, भांडी, पूर्वजांची हाडंसुद्धा उचलायला वेळ मिळाला. जर्मन गव्हर्नरनं त्यांना उपोलूवर जमीन दिली. तिथे १९१२ साली आजींचा जन्म झाला. पुढे आई एकदा जुनं गाव बघायला गेली, तेव्हा पाऊस पडला की दगडातून अजून वाफ निघायची.

“डोंगरानं घर घेतलं, माणसं ठेवली,” आजी म्हणाल्या. “जहाजानं उलटं केलं.”

१९१८च्या नोव्हेंबरमध्ये ऑकलंडहून ते जहाज सामोआच्या राजधानीच्या, आपियाच्या, बंदरात लागलं. जहाजावर फ्लूनं आजारी माणसं असूनही उतारूंना उतरू दिलं. आजी तेव्हा सहा वर्षांच्या. वडील आणि दोन भाऊ आठ दिवसांत गेले. गावात खड्डा खणायला धडधाकट माणूस उरला नाही, म्हणून तिघांना एकाच चटईत गुंडाळून गाडीवर घातलं. दर पाच माणसांतलं एक गेलं. शेजारचं बेट अमेरिकनांकडे होतं. त्यांनी बंदर बंद ठेवलं, तिथे या साथीनं एकही माणूस मेलं नाही. त्यांनी मदत देऊ केली, तीही न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यानं घेतली नाही. प्रमोदिनीच्या हातातलं बँडेज तसंच राहिलं होतं. आजींनीच पाय पुढे केला.

जूनच्या सुरुवातीला सामोआनं न्यूझीलंडपासूनच्या स्वातंत्र्याची चाळीस वर्षं साजरी केली, तेव्हा न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी आपियाला जाऊन जाहीर माफी मागितली. या साथीबद्दल आणि नंतर न्यूझीलंडच्या पोलिसांनी सामोआत मोर्चावर केलेल्या गोळीबाराबद्दलही. दुसऱ्या दिवशी प्रमोदिनीनं आजींना विचारलं, कसं वाटलं.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “माझ्या आईनं ऐकायला हवं होतं.” मग म्हणाल्या, “त्या बाटलीत काय असतं ते मला वाचून दाखव.”

प्रमोदिनीनं दवाखान्यातून कागद आणला. त्या वर्षीच्या लशीत तीन विषाणू होते आणि त्यातल्या एकाचं नाव न्यू कॅलेडोनियावरून होतं. आजी खुर्चीत ताठ बसल्या. ते बेट तर आपल्याच समुद्रातलं. तिथला आजार औषधात कसा आला, मेलेला असतो की जिवंत, नाव कोण देतं, असे एकामागून एक प्रश्न आले. निम्म्यांची उत्तरं प्रमोदिनीला येत नव्हती. तिनं तसं सांगितलं.

“मग शोध,” आजी म्हणाल्या, “आणि रविवारी चर्चच्या हॉलमध्ये येऊन सगळ्यांना सांग.”

सत्तर-एक म्हातारी माणसं जमली होती. प्रमोदिनीनं विषाणूच्या आधी जहाजाचं सांगितलं. त्या गणवेशात तेच आधी सांगायला हवं, असं तिला वाटलं. एक आजोबा उठून बाहेर गेले. मग मागून एकीनं हळूच विचारलं की हे इंजेक्शन दुखतं का, आणि तिथून पुढे दोन तास प्रश्न संपले नाहीत. पुढच्या आठवड्यात एक्केचाळीस जण दवाखान्यात आले. सीना आजी पहिल्याच दिवशी आल्या. फाईलवरची ती नोंद प्रमोदिनीनं खोडली. बाहेर गेलेले आजोबा मात्र शेवटपर्यंत आले नाहीत.

आजी पुढच्या वर्षी हिवाळ्यानंतर गेल्या, झोपेत. २००५ साली आप्पा कऱ्हाडहून आले, तेव्हा प्रमोदिनी त्यांना घेऊन सवाईला गेली. लाव्ह्यात अर्धं गाडलेलं चर्च होतं, दगडावर छपराच्या पन्हळी पत्र्याचा ठसा उमटलेला होता आणि भेगाभेगांतून नारळ उगवले होते. आप्पा गुडघ्यांवर बसून तो ठसा बोटांनी चाचपत राहिले. त्यांना उठवायला दोघं लागले.

शेजारी झापांच्या सावलीत तिकिटं फाडणाऱ्या बाईनं विचारलं, कुठून आलात. प्रमोदिनी म्हणाली, पोरिरुआ.

“पोरिरुआत कुठे?” बाईनं विचारलं आणि खुर्ची पुढे सरकवली. तिच्या दोन बहिणी तिथेच राहत होत्या.