काळ्या बोटांचे सर

सर पोरांची वही आधी बघत नसत, बोटं बघत. लॅबमध्ये शिरले की पहिल्या टेबलापासून सुरुवात, "बोटं दखाड." ज्याच्या बोटांवर काळा डाग नाही, त्याला विचारत की मागच्या आठवड्यात कुठे होतास. हा डाग चांदीच्या कुठल्याशा औषधाचा. लागला की चार-पाच दिवस जात नाही, साबणाने नाही, राखेने नाही. सरांची स्वतःची बोटं बारा महिने काळी. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस त्यांच्यापासून जरा सरकून बसे.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल घेत. राहणारे ब्राह्मणपुरीचे, घरी केळी आणि ऊस. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये यादीत नाव आलं तर मास्तर, नाही तर घरी. मी त्या लॅबची झाडलोट करायची. शिक्षण चौथीपर्यंत, कामावर रोजंदारीने. मला ते मावशी म्हणत.

लॅबमधलं लाकडी टेबल ॲसिडने जागोजागी जळालेलं होतं. पहिल्याच दिवशी मी ते घासायला घेतलं तर ओरडले. "मावशी, ते डाग राहू द्या. या टेबलवर काम व्हयेल शे, लोकेसले समजू द्या." मला तो माणूस तऱ्हेवाईक वाटला. अजूनही वाटतो.

वर्षातून एकदा पेपरात विद्यापीठांचे नंबर येत. चहाच्या वेळी सर ते मला वाचून दाखवत आणि चिडत. ते स्वतः मोठ्या शहरात, वरच्या नंबरच्या विद्यापीठात शिकलेले. तिथलं महागाचं मशीन काचेच्या खोलीत होतं. दोन वर्षांत त्यांनी ते बाहेरूनच पाहिलं. खालच्या नंबरचं कॉलेज म्हणजे चांगलंच, असंही ते म्हणत नसत. एका कॉलेजात त्यांना औषधांच्या बाटल्यांत नुसतं पाणी सापडलं होतं. त्यांचं म्हणणं एकच होतं. शहरातली विद्यापीठं आधीच हुशार असलेली पोरं निवडून घेतात आणि मग सांगतात, आम्ही हुशार केली. "पोरगं आत येताना काय होतं आणि बाहेर पडताना काय झालं, ते कोणत्या रकान्यात लिहू, मावशी?" मला काय विचारता, असं मी म्हणायची. मला रकाने झाडता येत नव्हते.

धडगावच्या वरच्या पाड्यातली एक पोरगी होती. घरी पावरी बोलायची, वर्गात तोंडच उघडायची नाही. पहिल्या दिवशी तिने तीन परीक्षानळ्या फोडल्या. सरांनी चौथी हातात दिली. दुसऱ्या वर्षी तीच पोरगी इतरांना नळी कशी धरायची ते दाखवत होती, आणि तिची बोटं सरांच्या बोटांइतकी काळी होती.

ती शेवटच्या वर्षाला असताना मूल्यांकन समिती येणार म्हणून पत्र आलं. कॉलेजला रंग लागला. जळक्या टेबलावर पांढरा सनमायका बसवला. प्राचार्यांनी हुकूम काढला की समिती येऊन जाईपर्यंत लॅब बंद, म्हणजे घाण होणार नाही. प्रॅक्टिकलच्या वह्या जुन्या वह्यांवरून उतरवून घ्यायच्या. वार्षिक परीक्षा समितीच्या मागोमाग होती. सर दोनदा प्राचार्यांकडे जाऊन आले, आणि तिसऱ्यांदा गेले नाहीत.

रविवारी सकाळी त्यांनी माझ्याकडे लॅबची चावी मागितली. मी दिली. दहा-बारा पोरं आली, ती पोरगीही. तीन रविवार असं चाललं. तिसऱ्या रविवारी कोणाच्या तरी हातून बाटली कलंडली आणि पांढऱ्या सनमायक्यावर तळहाताएवढा डाग पडला. मी लिंबू चोळलं, सोडा चोळला. डाग जागचा हलला नाही.

सोमवारी प्राचार्यांनी मला बोलावलं. मला कायम करायचा कागद त्यांच्या टेबलावर सहा महिने पडून होता. त्यांनी तो पुढे ओढला आणि शांतपणे विचारलं, "लॅब कोणी उघडली, मावशी?"

मी सरांचं नाव सांगितलं. चावी हरवली होती, असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

टेबलाचा सनमायका बदलला. समितीच्या स्वागताला डोंगरातल्या पोरांना त्यांचा वेश घालून फाटकात नाचायला उभं केलं. ती पोरगी दोन दिवस तिथे ढोलावर नाचली. समितीतले एक साहेब लॅबमध्ये आले, टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाले की इतकी स्वच्छ लॅब त्यांनी फार कमी कॉलेजांत पाहिली. प्राचार्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी मला नमस्कार केला.

कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. फाटकावर भला मोठा बोर्ड लागला. माझा कागद सही होऊन आला. जूनच्या यादीत सरांचं नाव नव्हतं. रिटायर होईपर्यंत तो बोर्ड दर आठवड्याला मीच पुसला.

मागच्या उन्हाळ्यात सर शहाद्याच्या स्टँडवर भेटले. नवापूरला एका क्लासमध्ये शिकवतात म्हणाले. तिथे चार उत्तरांतलं एक कसं ओळखायचं तेवढंच शिकवायचं, नळी नाही, बाटली नाही. त्या क्लासचाही पेपरात नंबर येतो. टेबल अजून तेच आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तेच आहे, आरशासारखं आहे. मग म्हटलं, "सर, तुमचं नाव मीच सांगितलं होतं."

"माले माहीत व्हतं, मावशी."

एवढंच बोलले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. नवापूरची गाडी लागली. चढताना त्यांनी दाराचा दांडा धरला तेव्हा मी त्यांची बोटं पाहिली. एकावरही डाग नव्हता.