राहीबाईच्या भिंतीतल्या माश्या

दिवाळी आली की आमच्या गावातली एकूण एक भिंत शेणामातीनं लिंपली जाते, वरून पांढऱ्या मातीचा पोतारा मिळतो. एक भिंत सोडून. ती राहीबाईच्या गोठ्याची, आणि नेमकी रस्त्याच्या तोंडावर. मी पडलो शेजारी, त्यामुळे त्या भिंतीवरून होणारी नवरा-बायकोची भांडणं मला दरसाल आयती ऐकायला मिळतात.

भिंतीला भोकंच भोकं आहेत. त्यांत माश्या राहतात, पाठीवर निळे पट्टे असलेल्या. त्या पोळं बांधत नाहीत, मध साठवत नाहीत. प्रत्येकीचं भोक वेगळं, संसार वेगळा. राहीबाई त्यांना ‘निळ्या’ म्हणते.

गोठ्यामागं तिची वांग्यांची वाडी आहे. बोथच्या बाजारात तिची हिरवी काटेरी वांगी पाटी खाली टेकायच्या आत उचलली जातात. बाजारातल्या तेलुगू बायका ‘वंकायलू’, म्हणजे वांगी, असं म्हणत लांबूनच हाक मारतात. वांग्याच्या फुलात मध नसतो आणि पराग बारीक पुंगळ्यांत कोंडलेले असतात. निळी फुलाला मिठी मारते, जोरात गुणगुणते आणि त्या थरथरीनं पराग झडतात. राहीबाईला हे कुणी शिकवलं नाही. एका साली ही भिंत खचली. त्या हंगामात झाडं फुलांनी लगडली, पण वांगी आली थोडी, आणि तीही खुरटी. भिंत पुन्हा उभी केली, हळूहळू माश्या परतल्या, तेव्हा कुठं वाडी ताळ्यावर आली. तेव्हापासून त्या भिंतीला हात लावायची कुणाची टाप नाही.

यंदा तुळशीचं लग्न आटोपलं आणि नीलिमाला पाहायला मुधोळचे पाहुणे यायचं ठरलं. नीलिमा ही तिची एकुलती लेक, बोथला एका शाळेत शिकवते. घर चांगलं, मुलगा चांगला, नीलिमाच्याही मनात भरलेला. झोप उडाली ती राहीबाईच्या नवऱ्याची, चंपतरावांची. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बायको बाजारात गेलेली पाहून, एरवी पाण्याचा तांब्याही हातानं न घेणाऱ्या या माणसानं शेण कालवलं आणि भिंत लिंपायला घेतली.

मी कुंपणावरून म्हटलं, “काका, काकी येतीनच आता.”

“येऊ दे. मुधोळचे लोक पयले भितच पाहतीन. पोरीच्या जल्माचा सवाल हाय!”

दुपार कलल्यावर राहीबाई रिकामी पाटी घेऊन आली. भिंत ओली, पांढरीधोप. पुढ्यात निळ्यांची नुसती तारांबळ. पायांना पिवळे पराग लागलेले, अन् दार सापडेना. भिंतीवर बसायच्या, ओल्या मातीत पाय रुतले की उडायच्या, पुन्हा यायच्या. आता काय वीज कडाडते म्हणून मी कान टवकारले.

“काऊन लिंपली?” तिनं एवढंच विचारलं.

“नीलिमासाठी,” चंपतराव म्हणाले.

राहीबाईनं पाटी ठेवली आणि वाडीत जाऊन वांग्यांच्या ओळीत बसली. भिंत वाळली की सगळं संपणार होतं. आत पिल्लं, बाहेर त्यांच्या आया आणि मध्ये दगडासारखी माती. पुढं वाडीचीही आशा नव्हती. हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? पण लेकीच्या आड यायला तिचं मन धजेना. मला फार वाईट वाटलं, आणि चंपतरावांचा मनस्वी रागही आला.

थोड्या वेळानं नीलिमा शाळेतून आली. तिनं भिंत पाहिली, वाडीत बसलेली माय पाहिली. कुणाला काही न विचारता केसांतला आकडा काढला. भोकं दिसत नव्हती, पण माश्यांना आपापलं घर ठाऊक होतं. माशी जिथं घिरट्या घालील तिथं नीलिमा आकडा खुपसायची, फिरवायची, ओली माती ओढून काढायची. तिचा हात बाजूला व्हायच्या आत माशी आत शिरायची.

“पोरी, उद्या पाहुणे येऊन राह्यले वं!” चंपतराव कळवळले.

“येऊ द्या ना बाबा. मले भितीसंगटच पाहू द्या.”

राहीबाई उठून आली. तिनंही आपला आकडा काढला. दिवस बुडेपर्यंत मायलेकी भिंत टोचत होत्या. काही भोकं राहिलीच. पण बहुतेक उघडली. भिंतीचा अवतार मात्र आधीपेक्षाही वाईट झाला: शुभ्र पोताऱ्यावर काळी भोकं आणि मातीचे ओघळ.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, आणि गंमत म्हणजे भिंतीकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मुलाचे वडील भगवंतराव सरळ जेवायला बसले. वांग्याची भाजी त्यांनी मागून घेतली, पुन्हा मागून घेतली. हात धुताना म्हणाले, “वांगे कोनाच्या वावरातले हो?”

होकार पुढं मिळाला, हे सांगून टाकतो. पण त्या घडीला चंपतरावांना ते ठाऊक नव्हतं. गप्प बसले असते तर भिंतीची गोष्ट झाकलेलीच राहिली असती. त्यांनी भगवंतरावांचा ओला हात धरला आणि त्यांना थेट गोठ्याकडं नेलं.

आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही, सोयऱ्यांसमोर तर नाहीच. ‘नीलिमाची माय’ म्हटलं की भागतं.

“वांगे राहीचे हायेत,” चंपतराव म्हणाले. “अन् ह्या माश्या बी राहीच्याच. म्या काल याहिचं दार बुजवलं होतं.”

राहीबाई पळी घेऊन दारात उभी होती. संसार झाला, लेक लग्नाची झाली, आणि नवऱ्याच्या तोंडून आपलं नाव तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.