अकरा मिनिटांची पूजा

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतो तो, आयटीतला. आयुष्य सुधारण्याचं कुठलंसं शिबिर करून आला आणि जिन्यात भेटेल त्याला ऐकवायला लागला, "काकू, टाइम मॅनेजमेंट!" ऐकून घेतलं हो. पण पूजेत तासभर रमणाऱ्या म्हाताऱ्या आईच्या देवघरात त्याने गजराचं घड्याळ ठेवलं. पूजा अकरा मिनिटांत उरकायची! काल मी तिथेच बसले होते. गजर वाजला, ती दचकली आणि हातातला बाळकृष्ण फरशीवर पडला. हा म्हणतो, "आई, फोकस!" माझं डोकंच फिरलं. ते घड्याळ उचलून ताम्हनात ठेवलं, वर तांब्याभर पाणी ओतलं. म्हटलं, "घे, तुझ्या देवाची पूजा झाली. आता तिला तिच्या देवाची करू दे."